अण्णांच्या दारातली कनात

प्रत्येक घरात जुन्या चाव्यांचा एक डबा असतो. कुठल्या कुलपाच्या त्या कुणालाच आठवत नाही, तरी टाकवत नाहीत. आमच्या सोसायटीच्या किश्श्यांचं तसंच झालंय. ठराव वहीत जातात आणि विसरले जातात. वहीत लिहिता येत नाही ते सगळं माझ्या डोक्यात येऊन पडतं, कारण मी सेक्रेटरी! आणि सेक्रेटरी का, तर मी न्हावा शेव्याला एका क्लिअरिंग एजंटकडे दिवसभर कंटेनरचे कागद बघते. "मॅडमना कागद कळतात," असं आमचे चेअरमन बेंद्रे म्हणाले, आणि नेमकी त्या मीटिंगला मी गैरहजर. झाले मी सेक्रेटरी.

कंटेनर परवडले हो! ते निदान एका जागी उभे राहतात. इथे नवीन पनवेलला आमची चोवीस रो-हाऊस, समोरासमोर दोन रांगा, मध्ये रस्ता. प्रत्येक घरापुढे चार पावलांचं अंगण. आणि गेले कित्येक महिने प्रश्न एकच: या अंगणाला पुढून आडोसा किती उंच करायचा? चोवीस घरांत नियम नक्की कळलेला माणूस एकही नाही. मीसुद्धा नाही, आणि माझ्याच सहीने पत्रं जातात.

सगळं हसण्यावारी गेलं असतं. पण चौदा नंबरच्या अण्णांचं चालणं या आडोशावर अडकलं होतं. ते सांगतेच.

*

सुरुवात झाली एका नोटिशीने. परवानग्या देणाऱ्या ऑफिसातून आली होती. घरासमोरचं कुंपण ठरलेल्या उंचीपर्यंतच भरीव असावं, त्याच्या वरचा भाग आरपार दिसणारा असावा, पाहणी होईल. बस, एवढंच.

आरपार म्हणजे किती आरपार? बेंद्रे केमिकल कंपनीत क्वालिटी कंट्रोलला होते. रिटायर झाले, पण कंट्रोल काही सुटलेला नाही. त्यांनी टेस्टच काढली. कुंपणाच्या आत त्यांची बायको पेपर धरून उभी राहणार, बाहेरून बेंद्रे हेडलाइन वाचणार. वाचता आली तर ग्रील पास!

रविवारी सकाळी दोघं निघाले. मी मागून यादी घेऊन. पहिलं घर नापास, दुसरं नापास, तिसरं नापास. लोक चिडून दारात यायला लागले. सातवं घर नापास झाल्यावर बेंद्रेवहिनी आतून म्हणाल्या, "अहो, चष्मा लावा की!"

परत पहिल्यापासून. या वेळी सगळी पास झाली, एक सोडून. तिथे वहिनींनी पेपर उलटा धरला होता.

*

सात नंबरला नसीमआपा राहतात. शिवणाचे क्लास घेतात, त्यामुळे टेप त्यांच्या गळ्यातच असतो. तरी त्यांचीच भिंत अर्धा फूट उंच निघाली! मी पत्र दिलं. आपांनी वाचलं, घडी घातली आणि म्हणाल्या, "तोडते ना मॅडम. कानून म्हणजे कानून. फक्त मिस्त्री तर मिळू दे."

मिस्त्री म्हणजे बाळाराम, जवळच्या करंजाड्याचा. आमच्या सगळ्या भिंती त्यानेच बांधल्यात, तेव्हा तोडायलाही तोच लागतो. तो येतो येतो म्हणत दोन महिने आला नाही. मधल्या काळात आमचा रस्ता काँक्रीटचा झाला. जुन्या डांबरावरच ओतला, उकरतंय कोण! मग एक दिवस बाळाराम हातोडा घेऊन उगवला. रस्त्यावर टेप टेकवला, भिंतीला लावला, परत लावला.

"ताई, कोनची भिंत तोडू? ही तं बरोबर हाय."

"अरे, अर्धा फूट जास्त आहे ना!"

"व्हती. आता नाय. उंची रोडपासून धरतात आनि रोडच वर आलाय. भिंत हाय तितंच हाय."

बेंद्र्यांना बोलावलं. त्यांनी स्वतः मोजलं. नियमात बसत होती! एक वीट न हलता भिंत कायदेशीर झाली होती. बेंद्रे टेप गुंडाळत उभे राहिले आणि मग मला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, "मॅडम, पुढच्या वेळी रस्ता कधी करणार आहेत हो?"

*

आता अण्णा.

अण्णा पोर्टात क्रेन चालवायचे. बघावं तेव्हा बोलत असायचे आणि आवाज असा, की वर केबिनमध्ये बसून खालच्या माणसाशी वॉकी-टॉकीशिवाय बोलत असतील असं आम्हाला वाटायचं. मे महिन्यात त्यांना झटका आला. उजवी बाजू गेली आणि बोलणंही गेलं. जे काही उमटायचं ते फक्त शुभांगीवहिनींना, म्हणजे त्यांच्या बायकोला, कळायचं.

घरी आल्यावर फिजिओथेरपिस्ट बाईंनी बजावलं, वॉकर घेऊन रोज चाळीस फेऱ्या, सपाट जागेवर, आत्तापासून. पहिले काही महिने गेले तर मग पाय उचलायचा नाही. आमच्या घरांत खोलीखोलीत पायरी आणि मागे गटाराच्या झाकणांची बोळ. सपाट म्हणावं असं पुढचं अंगणच.

पहिल्या सकाळी अण्णा वॉकर घेऊन अंगणात आले. छातीएवढी भिंत, वर आरपार ग्रील, रस्त्यावरून सगळं दिसत होतं. "शाब्बास अण्णा!" "हळूहळू, हळूहळू!" "पाय उचला, घासू नका!" तोंडातून लाळ गळत होती, ती पुसायला त्यांना हात मोकळा नव्हता. आणि आमच्यातल्याच कुणीतरी त्याचा व्हिडिओ काढून सोसायटीच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, "आपले अण्णा, फायटर!" धडाधड टाळ्यांचे इमोजी. मीसुद्धा टाकले, तीन. खोटं कशाला सांगू?

अण्णा त्याच ग्रुपमध्ये होते. व्हिडिओ त्यांनी डाव्या हाताने उघडून पाहिला, आणि दुसऱ्या दिवसापासून अंगणात यायचे बंद झाले. वहिनींनी विनवण्या केल्या, फिजिओथेरपिस्ट बाईंनी धाक घातला. अण्णांनी फक्त भिंतीकडे हात करून मान हलवली. बघणार असतील तर चालणार नाही!

माझी मलाच इतकी लाज वाटली, की मी ते इमोजी पुसायला गेले. एव्हाना ते पुसता येत नव्हते.

*

वहिनींनी मग भिंतीवर बांबू बांधून हिरवी नेट लावली, बांधकामावर असते तसली. त्याच संध्याकाळी अण्णा बाहेर आले आणि सहा फेऱ्या चालले. आणि तिसऱ्या दिवशी अण्णांच्या समोरच्या घरातून बेंद्रे माझ्याकडे. "नेट आरपार नाही. पाहणी आली तर एका नेटपायी चोवीस घरं अडकतील. पत्र काढा!"

मी पत्र काढलं नाही. आधी विचारून येते म्हटलं आणि अर्धी रजा टाकून त्या ऑफिसात गेले.

पहिल्या टेबलावरचे म्हणाले, "नेट ना? नेट म्हणजे बांधकामच नाही. परवानगी लागत नाही." मला इतका आनंद झाला! खात्री करावी म्हणून दुसऱ्या टेबलावर विचारलं. ते म्हणाले, "कोण म्हणालं? आडोसा म्हणजे कुंपण, मग ते नेटचं असो नाहीतर लुगड्याचं." मी दोघांना समोरासमोर आणलं. दोघांनी एकाच पुस्तकातलं एकच पान दाखवलं!

तिसऱ्या टेबलावर एक वयस्कर बाई डबा खात होत्या. त्यांनी सगळं ऐकलं, पोळीचा घास संपवला आणि म्हणाल्या, "तुम्ही अर्ज दिलाय का?"

"नाही. आता देते."

"अजिबात देऊ नका. अर्ज आला की नाकारावा लागतो. घरी जा."

मी घरी आले. बेंद्र्यांनी विचारलं, काय ठरलं? मी तिन्ही टेबलं सांगितली. ते डोकं धरून पायरीवर बसले आणि शेवटी पत्र स्वतःच लिहून शुभांगीवहिनींच्या हातात दिलं. नेट निघाली. अण्णा परत आत.

*

मग कुणीतरी सुचवलं, झाडांना नियम नाही. भिंतीवर आरपार ग्रील आहेच, तिच्यावर वेल चढवा. वहिनींनी कारल्याच्या बिया लावल्या. पनवेलचा पाऊस, काय विचारता! श्रावण लागेपर्यंत ग्रील दिसेनाशी झाली.

मीटिंगमध्ये तासभर गोंधळ. कारलं म्हणजे भाजी की कुंपण? बेंद्रे म्हणाले, "पानं मोजावी लागतील." एकाने विचारलं, वारा आला की आरपार दिसतं, मग ते आरपार धरायचं का? मी वहीत लिहिलं, "कारल्याबाबत चर्चा झाली." दुसरं काय लिहिणार?

अण्णा पुन्हा अंगणात यायला लागले. आठ फेऱ्या, दहा फेऱ्या. आम्ही खूश! आणि वेलाला कारली धरली. अशी धरली, की रस्त्यावरून जाणारा प्रत्येक माणूस थांबायला लागला. पानं बाजूला सारून तोंड ग्रीलला, "अण्णा, दोन नेऊ का हो?" वर पुन्हा, "आज पाय छान पडतोय!"

चौथ्या दिवशी वहिनींनी स्वतःच्या हाताने वेल मुळापासून कापला. माझ्या दारात येऊन उभ्या राहिल्या, हातात कोयता तसाच. म्हणाल्या, "मॅडम, मला चाळीस फेऱ्या पाहिजेत हो. दुसरं काही नको. तुम्हाला कागद कळतात ना?"

*

मी त्या रविवारी सोसायटीची नियमावली पहिल्यापासून वाचली. आयुष्यात पहिल्यांदा. पार्किंग, पाण्याची टाकी, कुत्री... आणि एका पानावर सापडलं! घरगुती कार्यासाठी दारापुढे मांडव किंवा कनात घालायला परवानगी. मुदत पाच दिवस. फॉर्मवर कार्याचं नाव लिहायचं आणि सेक्रेटरीची सही. सेक्रेटरी म्हणजे मी!

पहिला फॉर्म सत्यनारायणाचा. चौदा नंबरच्या भिंतीच्या आतून कनात उभी राहिली, चांगली उंच, लाल-पिवळी. पूजा झाली, प्रसाद वाटला, पाच दिवस अण्णा चालले. सहाव्या दिवशी काय? त्यांचा गणपती आला. गणपती दीड दिवसाचा, कनात पाच दिवसांची! मग मात्र वहिनींच्या घरातली कार्यं संपली.

तेव्हा नसीमआपा आल्या. "माझ्या नातवाचा अकीका आहे, तुमच्या बारशासारखाच. दावत घरीच, पण कनात अण्णांकडे लागेल." मी म्हटलं, आपा, तुमचं घर कुठे, अण्णांचं कुठे! तर म्हणाल्या, "लोक जास्त आहेत ना मॅडम. लाइन लागेल." मी सही केली.

मग रांगच लागली. कुणाचं डोहाळजेवण, कुणाच्या मुलाची पहिली नोकरी, कुणाच्या सासऱ्यांची पंचाहत्तरी. बाळारामला कसं कळलं कोण जाणे, तोही फॉर्म मागायला आला. "आमच्या पोरीची हल्द हाय."

"बाळाराम, हळद तुझ्या घरी, करंजाड्याला. कनात इथे कशी?"

"हल्द आमच्या घरी, कनात अन्नांच्या घरी. दोनी एका घरी पायजे असं कुटं लिवलंय तुमच्या कागदात?"

मी नियमावली उघडून परत पाहिली. खरंच कुठे लिहिलेलं नव्हतं. मांजराच्या वाढदिवसाचा फॉर्म मात्र मी परत पाठवला. काहीतरी तत्त्व पाहिजे माणसाला!

एकाच घरातून फॉर्म आला नाही. बेंद्र्यांच्या. ते म्हणायचे, "मॅडम, हा नियमाचा खेळ चाललाय. निस्तरताना मला बोलावू नका." आणि अण्णांचं घर त्यांच्या बरोबर समोर. वीस वर्षं संध्याकाळचा चहा दोघांनी एकत्र घेतलेला. त्या पत्रानंतर शुभांगीवहिनी त्यांच्याशी बोलत नव्हत्या.

*

कनातीमुळे दिसायचं बंद झालं, ऐकू यायचं मात्र नाही. सकाळी सातला वॉकरची टकटक सुरू व्हायची आणि वहिनी फेऱ्या मोजायच्या. अकरा. बारा. हळूहळू सगळ्या रांगेला सवय लागली. भाजीवाला त्या वेळी ओरडायचा नाही. दूधवाला गाडी बंद करून ढकलत न्यायचा. आणि कुणीही, अगदी कुणीही, कनातीकडे मान वळवायचं नाही.

एके सकाळी मी डबा घेऊन निघाले होते. बेंद्रे आपल्या व्हरांड्यात पेपर वाचत बसलेले. कनातीच्या आतून शुभांगीवहिनींचा आवाज, "पंचवीस... सव्वीस..." आणि थांबलं. टकटक नाही, आवाज नाही. वहिनी हळूच म्हणाल्या, "बसता का?" मी जागच्या जागी उभी. वाटलं, झालं, संपलं आता.

आणि बेंद्रे पेपरातून मान वर न करता मोठ्यांदा म्हणाले, "सत्तावीस!"

स्वतःच दचकले हो! पेपर तोंडावर घेतला. बऱ्याच वेळाने कनातीमागून टक असा एक आवाज आला. मग दुसरा.

*

पाहणी आली ती ऑक्टोबरात, शनिवारी सकाळी, अण्णा चालत असतानाच. एक तरुण साहेब आणि बरोबर टेप धरणारा माणूस. बाकीची घरं पटापट झाली. चौदा नंबरपाशी साहेब थांबले. "हे काय?"

मी म्हटलं, "कनात. घरगुती कार्य आहे." आणि फॉर्मची फाइल पुढे केली. आमच्या ऑफिसात असंच करतो, विचारायच्या आत कागद द्यायचा. साहेब पानं उलटत गेले. सत्यनारायण, गणपती, अकीका, डोहाळजेवण, नोकरी, हळद, पंचाहत्तरी. त्यांच्या चेहऱ्यावर गोंधळ वाढत गेला.

"मॅडम, या घरात राहतं तरी कोण?"

"नवरा-बायको. दोघंच."

"आणि आज कोणतं कार्य आहे? शेवटचा फॉर्म तर काल संपलाय."

रोज दुसऱ्यांच्या कागदांच्या तारखा तपासते मी, आणि हीच चुकवली! साहेबांनी वही उघडली. "कार्य नसेल तर हे अनधिकृत. आत्ता उतरवायला सांगा." एव्हाना निम्मी सोसायटी रस्त्यावर जमली होती. आतली टकटक केव्हाच थांबली होती. शुभांगीवहिनी कनातीच्या कडेला उभ्या होत्या, हात दोरीवर. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला त्यांच्याकडे बघवेना.

तेवढ्यात समोरचं फाटक वाजलं. बेंद्रे रस्ता ओलांडून आले, पायात बायकोची चप्पल. साहेबांसमोर उभे राहिले आणि म्हणाले, "कार्य आहे. आज माझा वाढदिवस आहे."

बेंद्रे! पेपर उलटा धरला म्हणून ग्रील नापास करणारा माणूस!

"तुमचा?" साहेब म्हणाले. "मग कनात यांच्या दारात का?"

"माझ्या दारात ऊन येतं."

"आणि फॉर्म?"

"भरतोय. मॅडम, पेन द्या." बेंद्र्यांनी फाइल घेऊन तिच्यातला कोरा फॉर्म काढला. तो फाइलवरच ठेवला आणि कार्याच्या नावापुढे स्वच्छ अक्षरात 'वाढदिवस' लिहिलं. खाली सही केली, चेअरमन म्हणून.

मागून कुणीतरी टाळ्या वाजवायला सुरुवात केली. मग एकदम सगळेच. "बेंद्रेकाका, हॅपी बर्थडे!" नसीमआपांनी त्यांच्या हाताला हात लावला. "मुबारक हो, भाईसाब." बेंद्रेवहिनी दारात उभ्या, तोंडावर पदर. हसत होत्या की रडत, मला कळलं नाही. साहेब फॉर्मकडे बघत होते, मग बेंद्र्यांकडे, मग त्या चपलेकडे.

आणि टक असा आवाज आला.

सगळ्या टाळ्या थांबल्या. पुन्हा टक. कनातीची कड हलली. शुभांगीवहिनी झटकन वळल्या, पण आतून एक डावा हात आला आणि त्याने कापड बाजूला सारलं. अण्णा बाहेर आले. बनियन घामाने भिजलेलं, हनुवटी ओली, उजवा पाय मागून ओढत. फाटकापर्यंत आले. फाटक ओलांडलं. रस्त्यावर आम्ही तीसेक माणसं असू, एकही जण हलला नाही.

अण्णांनी आमच्यापैकी कुणाकडे पाहिलं नाही. साहेबांकडेही नाही. वॉकर बेंद्र्यांच्या पुढ्यात टेकवला, दम खाल्ला, तोंड वेडंवाकडं करत शब्द जुळवला. मग दुसरा. मग तिसरा. आम्हा सगळ्यांना स्वच्छ कळलं.

"बेंद्र्या... तुझा वाढदिवस... मार्चात असतो."